चढ एकाचा, उतार दुसऱ्याचा

इंजिनाला सावकाश चालता येत नाही. पेट्रोल असो वा डिझेल, मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या फार खाली गेलं की ते आचके देतं आणि बंद पडतं. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते. डांबरी रस्त्यावर ही तफावत दोन-तीन सेकंदांत मिटते. गाडी सुटली, वेग आला, विषय संपला. डोंगरातल्या दगडी वाटेवर ती मिटतच नाही. तिथे गाडी माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू न्यायची असते आणि मध्येच एखाद्या दगडापाशी थांबून पुन्हा सोडायची असते. इंजिनाची धावपळ आणि चाकांची संथ चाल यांतला फरक कुठेतरी जिरवावा लागतो. तो कुठे जिरतो यावर मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा सगळा वाद उभा आहे.

मॅन्युअल गाडीत तो क्लच प्लेटमध्ये जिरतो. हाफ क्लच करून गाडी चढावर धरली की इंजिनाचं फिरतं फ्लायव्हील आणि जवळजवळ थांबलेली प्लेट एकमेकांवर घासत राहतात. जी शक्ती चाकापर्यंत पोचत नाही तिची उष्णता होते. प्लेट कोरडी, बंद खोक्यात, थंड करायला काही नाही. त्यामुळे नवख्या माणसाच्या हाती एकच अवघड चढण पुरते आणि मग तो जळका, नाकात बसणारा वास येतो. ऑफ-रोडिंगला गेलेल्या प्रत्येक ताफ्यात तो कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून येतोच.

ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, हा फरक तेलात जिरतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल फेकतं, ते तेल समोरच्या दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं. दोघांमध्ये घासणारं काही नाही. मधे स्टेटर नावाचं तिसरं, छोटं चाक असतं. परतणाऱ्या तेलाची दिशा ते बदलतं आणि त्यामुळे इंजिनाचा टॉर्क वाढून पुढे जातो. गाडी जागेवर उभी असताना ही वाढ साधारण दुपटीच्या आसपास असते. वेग येऊ लागला की ती कमी होत जाते आणि दोन्ही चाकं जवळपास सारख्या गतीने फिरू लागली की संपते. म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते नेमकी त्या क्षणी हे यंत्र सर्वांत जास्त मदत करतं.

ही युक्ती मोटारीसाठी जन्मली नव्हती. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटीनच्या फुल्कान जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. वाफेची टर्बाइन भरधाव फिरणारी, जहाजाचा पंखा मात्र हळू फिरला तरच पाणी नीट कापणारा. या दोघांचं जमवण्यासाठी त्याने १९०५ मध्ये या तेलाच्या चाकांचं पेटंट घेतलं. पुढे १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी आणला. त्यात कन्व्हर्टर नव्हता, त्याचा साधा भाऊ, म्हणजे टॉर्क न वाढवणारं फ्लुइड कपलिंग होतं. तोच गिअरबॉक्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात बसला, दोन कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीला. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या लोकांचे लाड, डोंगरात मॅन्युअलच’ असं कुणी ठासून सांगितलं तर ऐकून घ्यावं. चिखलात रणगाडे चालवणाऱ्यांनी हे लाड ऐंशी वर्षांपूर्वीच करून घेतलेत.

तरीही मॅन्युअलवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांचा मुद्दा बऱ्याचदा चुकीच्या जागी मांडलेला असतो, इतकंच. तो समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

फोर बाय फोर गाडीत इंजिनाच्या फेऱ्या तीन ठिकाणी कमी होतात: गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये, ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये (आपल्याकडे सगळे ‘फोर-लो’ म्हणतात) आणि ॲक्सलमध्ये. तिन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. गाडी किती सावकाश आणि किती जोराने रांगू शकते ते हा एकच आकडा सांगतो. महायुद्धातल्या विलीज जीपचे आकडे २.६६५, १.९७ आणि ४.८८, गुणाकार साधारण २५.६. म्हणजे इंजिनाच्या साडेपंचवीस फेऱ्यांना चाकाची एक.

आता आजची सुझुकी जिम्नी घेऊ. इंजिन एकच, दीड लिटरचं पेट्रोल. पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२, ॲक्सल ४.०९, क्रॉल रेशो ३६ च्या वर. चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर फक्त २.८७५, ॲक्सल ४.३, क्रॉल रेशो २५ च्याही किंचित खाली. कागदावर मॅन्युअल सरळसरळ पुढे आणि ऑटोमॅटिक बिचारी ऐंशी वर्षांपूर्वीच्या जीपच्या पंगतीला. पण चढावर उभ्या गाडीत कन्व्हर्टरची दुप्पट यात मिसळा, की तोच २५ चा आकडा ५० च्या आसपास जातो. चढावर सुटताना ऑटोमॅटिक जिम्नी मॅन्युअलपेक्षा ताकदवान ठरते. चालवणाऱ्यालाही ते जाणवतं: ब्रेकवरून पाय उचलला, थोडा ॲक्सिलरेटर दिला, गाडी मागे न घसरता दगडावर चढली. क्लचचा नाच नाही, हँडब्रेकची कसरत नाही.

लडाखमध्ये हा फायदा आणखी उठून दिसतो. खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाच्या वाट्याला समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त हवा येते. ताकदही त्याच प्रमाणात घसरते. अशा ठिकाणी तीव्र वळणावर समोरून ट्रक आला आणि थांबून पुन्हा सुटावं लागलं, की मॅन्युअलवाला रेस वाढवून हाफ क्लच करतो आणि प्लेट तापवतो. इंजिन दमलेलं असताना क्लच त्याच्या जोरात कणभरही भर घालत नाही, कन्व्हर्टर घालतो.

इथवर ऑटोमॅटिक जिंकली. आता गाडी डोंगरमाथ्यावरून खाली वळवू.

उतारावर खेळ उलटा होतो. तिथे इंजिनाने गाडी ओढायची नसते, रोखायची असते. चाकं इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिनाचा अडथळा गाडीला आवरतो. या कामात कन्व्हर्टर काही वाढवून देत नाही; उलट तेलातून थोडं निसटूच देतो. मग उरतो तो नुसता क्रॉल रेशो. जिम्नीच्या चाकाचा घेर साधारण २.१८ मीटर आहे. इंजिन ८०० फेऱ्यांवर धरलं तर मॅन्युअल गाडी फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ३ किलोमीटरने उतरते, ऑटोमॅटिक ४ च्या थोडी वर. फरक छोटा वाटतो. उतार वाढला आणि चाकांनी इंजिनाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत ढकललं की मॅन्युअल सात किलोमीटरच्या आसपास आणि ऑटोमॅटिक साडेदहाच्या. ओल्या, सुट्या मुरमाच्या उतारावर तेवढ्यात गाडी हातातली की हाताबाहेरची हे ठरतं. ब्रेक आहेतच, पण घसरड्या उतारावर ब्रेकने चाक अडकलं की स्टिअरिंग निकामी. एबीएस चाक अडकू देत नाही, पण सुट्या खडीवर त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं.

इंजिनाच्या अडथळ्याची किंमत आपल्याकडे नीट कुणाला पटलेलीच नाही. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार अवजड गाड्यांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, असं पोलिस चालकांना परत परत सांगत आले आहेत. गंमत अशी की आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन खर्च होतो आणि ब्रेकही तापतात.

ऑटोमॅटिकची उतारावरची ही उणीव दोन मार्गांनी भरून निघाली आहे. पहिला इलेक्ट्रॉनिक. १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये हिल डिसेंट कंट्रोल पहिल्यांदा आला. त्या गाडीत लो रेंज नव्हतीच, म्हणून कंपनीने एबीएसच्या पंपाला कामाला लावलं. तो एकेका चाकाला हलकेच ब्रेक देत गाडी सावकाश उतरवतो. आज ही सोय कितीतरी गाड्यांत आहे आणि ती चांगली चालते. फक्त लांबलचक उतारावर ब्रेक सतत काम करत असतात हे विसरू नये. दुसरा मार्ग अधिक पक्का: गिअर वाढवायचे. चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर फार खोल ठेवता येत नाही, आठ गिअरच्या बॉक्समध्ये येतो. जीप रँग्लर रुबिकॉनच्या अमेरिकेतल्या व्ही-६ गाडीत सहा गिअरच्या मॅन्युअलचा क्रॉल रेशो ८४.२ आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचा ७७.२. एवढ्या जवळ आल्यावर उताराचा जुना वाद तिथे तरी निवतो. म्हणून ‘ऑटोमॅटिक उतारावर निसटते’ हे वाक्य जुन्या किंवा कमी गिअरच्या गाड्यांपुरतंच खरं धरावं.

मॅन्युअलचं उतारावरचं कौशल्य मात्र एका सवयीवर टांगलेलं आहे. फोर-लो, पहिला गिअर, आणि डावा पाय क्लचपासून पूर्ण दूर. घाबरलेला माणूस दोन्ही पेडल एकदम दाबतो. क्लच दाबला गेला त्या क्षणी इंजिनाचा लगाम सुटतो आणि गाडी मोकाट होते. शहरात वर्षानुवर्षं मुरलेली ही सवय पायातून काढायला सरावच लागतो. ऑटोमॅटिकमध्ये ही चूक करायची सोयच नाही; तिथली चूक वेगळी, ‘डी’ मध्ये ठेवून उतरण्याची. मग बॉक्स वरचे गिअर घेत जातो आणि चालक ब्रेकवर उभा राहतो. ‘एल’, ‘१’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला तर निम्मा त्रास वाचतो.

चढण अर्धवट राहिली तर काय, हा प्रश्न गाडी घेताना कुणी विचारत नाही. गाडी चढाच्या मध्यावर दमली, इंजिन बंद पडलं. मॅन्युअलमध्ये ब्रेक दाबून ठेवायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि मग किल्ली फिरवायची. स्टार्टरच्या धक्क्याने इंजिन सुरू होतं आणि गाडी गिअरमध्येच, इंजिनाच्या धाकात, सरळ मागे उतरते. जुन्या जीपवाल्यांचा हा हातखंडा प्रयोग. आताच्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे निम्म्या लोकांचा तो गेला. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक, रिव्हर्स, हळूहळू ब्रेक सोडणं, संपलं. दोन्हींत एक गोष्ट कधीही करायची नाही: चढावर गाडी आडवी वळवणं. आडवी गाडी उलटते.

वाळूबद्दल फार लिहायची गरज नाही. राजस्थानातल्या सम किंवा खुरीच्या टेकड्यांवर वेग टिकवणं हेच सगळं काम असतं. गिअर बदलायला क्लच दाबला की वाळू त्या अर्ध्या-एक सेकंदात गाडीला ब्रेक लावते. मग परत खालचा गिअर, परत क्लच, आणि चाक रुतलेलं. ऑटोमॅटिक ओढ न सोडता गिअर बदलते. टायरमधली हवा कमी करायला दोघांनाही खाली उतरावंच लागतं.

सह्याद्रीतला आणि कोकणातला पावसाळी चिखल जास्त गुंतागुंतीचा. तांबडी, चिकट माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. कन्व्हर्टर ताकद मऊपणे सोडतो, त्यामुळे चाक एकदम फिरून खड्डा करण्याची शक्यता कमी. पण गाडी फसलीच तर पुढे-मागे झोके देऊन बाहेर काढायला मॅन्युअलची पहिला-रिव्हर्स अशी झटपट अदलाबदल कामाची. ऑटोमॅटिकमध्ये तेच करताना गाडी क्षणभर थांबू द्यावी लागते, नाहीतर बॉक्स आतून मार खातो आणि तेल तापतं. खोल चिखलात मात्र हे दोन्ही हुशारीचे प्रकार लवकर संपतात. गोव्यात ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये गाड्या बाहेर निघतात त्या विंचच्या दोरीवर. आणि चाक हवेत उचललं गेलं तर गिअरबॉक्स कोणताही असो, ताकद हवेतल्या चाकात वाया जाऊ न देणारा डिफरन्शियल लॉक आहे का एवढंच विचारायचं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये मिळूनही तिचा चाहतावर्ग पक्का आहे, त्याचं मोठं कारण पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना दिलेले लॉक.

ओढा ओलांडताना दोघांची दुखणी वेगळी. मॅन्युअलमध्ये पाण्यात असताना क्लच दाबू नये. प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये पाणी शिरलं तर क्लच घसरायला लागतो. म्हणून पाण्यात शिरण्याआधीच गिअर ठरवायचा आणि पलीकडच्या काठापर्यंत तोच ठेवायचा. ऑटोमॅटिकला ही भीती नाही, पण तिचं तापलेलं खोकं गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून बाहेरचं ओढलं जातं. नळीचं तोंड उंचावर नसेल तर ते पाणी असतं. गिअरबॉक्सचं लाल तेल गुलाबी दुधाळ दिसायला लागलं की गाडी पुढे न चालवता सरळ टोचन करून गॅरेजला न्यावी. तीही जपून: इंजिन बंद असताना ऑटोमॅटिकचा तेलपंप बंद असतो, त्यामुळे चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले भाग तेलाविना फिरतात. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येत असेल तर ठीक, नाहीतर गाडी ट्रकवर चढवायची.

यातून मॅन्युअलचा सर्वांत जुना आणि आजही न खोडता येणारा दावा निघतो. बॅटरी उतरली तरी मॅन्युअल गाडी धक्का स्टार्ट होते. क्लच प्लेट तालुक्याच्या गावातला मिस्त्री झाडाखाली बदलून देतो. ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह बॉडी हा प्रकार तो उघडणारही नाही, आणि उघडू नये. ज्याला दुर्गम भागात एकट्याने, जुनी गाडी घेऊन फिरायचं आहे त्याने मॅन्युअल घ्यावी हे मला अजूनही पटतं. मात्र नवी ऑटोमॅटिक चढावर जळत नाही, आणि क्लच जळतो. मग दुर्गम भागात बिघाडाची शक्यता आधी कुणाची, हेही विचारावं. कन्व्हर्टरमध्येही उष्णता होतेच, पण ती तेलात जाते आणि तेल कूलरमधून फिरतं. तापमानाचा दिवा लागला तर गाडी थांबवायची, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये टाकून इंजिन चालू ठेवायचं म्हणजे पंप तेल फिरवत राहतो. बहुतेक जण घाबरून इंजिन बंद करतात आणि तेच चुकतं.

कंपन्यांनी आपलं मत केव्हाच नोंदवलं आहे. टोयोटा फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, ऑटोमॅटिकला ५००. नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्रा थारच्या पेट्रोल इंजिनात हेच आकडे ३०० आणि ३२०. इंजिन तेच, मॅन्युअलच्या वाट्याला कमी सोडलं जातं. लँड क्रूझर ७० ही तर साध्या, दणकट, मॅन्युअल गाड्यांची आजी. १९८४ पासून खाणी, शेतं, वाळवंटं आणि मदतसंस्थांचे ताफे तिने सांभाळले. ऑस्ट्रेलियात तिची व्ही-८ डिझेल पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच मिळायची, ४३० न्यूटन-मीटरची. २०२३ च्या अखेरीस तिथे तिला चार सिलिंडरचं छोटं इंजिन आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मिळाला, तो ५०० न्यूटन-मीटरचा. जुने भक्त हळहळले.

आणि एक इशारा, कारण इथे लोक फसतात. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच; फक्त क्लच तुमच्या पायाऐवजी मोटर दाबते. सुटताना जिरवाजिरव त्याच कोरड्या प्लेटमध्ये, वर चालकाचा अंदाजही गेलेला. ड्युअल क्लचच्या कोरड्या जातीलाही रांगणं सोसत नाही. सीव्हीटीचा पट्टा शहरात उत्तम, दगडावर नको. या प्रकरणात ऑटोमॅटिकचं जे कौतुक केलं ते टॉर्क कन्व्हर्टरचं, आणि तेही सोबत लो रेंज असेल तरच. लो रेंज नसलेल्या ऑटोमॅटिकपेक्षा लो रेंज असलेली मॅन्युअल मी डोळे मिटून घेईन.

दोन्ही मिळत असतील आणि गाडी आठवड्याचे पाच दिवस शहराच्या कोंडीत, सहाव्या दिवशी घाटवाटेवर जाणार असेल, तर आज माझा कौल ऑटोमॅटिकला, सहा किंवा जास्त गिअरच्या. जिम्नीसारख्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकबाबत मी घुटमळेन, आणि फिरणं तीव्र उतारांच्या भागात असेल तर तिची मॅन्युअल घेईन. ट्रायलला मात्र शोरूमसमोरच्या चकाचक रस्त्यावर समाधान मानू नये. जवळपासचा एखादा खडबडीत, मोकळा उतार गाठावा, फोर-लो टाकावं, पहिला गिअर धरावा, हिल डिसेंट बंद ठेवावा आणि दोन्ही पाय पेडलवरून उचलून, ब्रेकजवळ तयार ठेवून, गाडी स्वतःहून किती वेग घेते ते पाहावं. विक्री प्रतिनिधी बहुधा चुळबुळ करील.